खाली कोण?

वादळाआधी आमच्या पाखाडीत
कोणाचं घर कोणाला दिसत नसे.
मध्ये पोफळी, पोफळींवर चढलेले मिरवेल,
शेवाळलेला गडगा, आणि मग कुठंतरी कौल.
तरी हाक जायची.

मी पाडेली.
एका पोफळीवर चढलो की झोका देऊन दुसरी धरायची,
तिथून तिसरी.
कीरांच्या वाडीत चढलेला माणूस
हलीमाखालाच्या विहिरीपाशी उतरे,
मध्ये जमिनीला पाय नाही.
वरून सगळं दिसे :
कोणाची सोलं वाळतायत, कोणाची म्हैस सुटलीय,
कोण कोणाशी बोलत नाही.

घड सोडण्याआधी ओरडायचं, ‘खाली कोण?’
बापानं झाडावर शिकवलेलं पहिलं वाक्य.
खालून उत्तर यायचं,
‘थांब रे, पोर आहे.’
‘थांब, गाय बांधते.’
नाहीतर नुसतं, ‘कोणी नाही, टाक.’
उत्तर आल्याशिवाय मी कधी
एक सुपारी खाली सोडली नाही.

मग ती दुपार. तीनेक तास.
त्याबद्दल मी बोलत नाही.

आता माझ्या ओट्यावरून
पार समुद्रापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं.
कीरांचा ओटा दिसतो, ओट्यावर अच्युतदादा दिसतो,
त्याला मी दिसतो.
पहिले काही दिवस आम्ही मान हलवायचो.
मग त्यानं खुर्ची फिरवून भिंतीकडे केली.
राग नाही आला. मलाही तेच करायचं होतं,
माझ्याकडे खुर्ची नाही.

रात्री तो मोजतो.
मध्ये काही उरलं नाही, त्यामुळे ऐकू येतं.
चारशे अकरापर्यंत जातो, अडखळतो,
पुन्हा एकपासून.
तलाठ्यानं पंचनाम्यात चारशे नऊ लिहिली होती.

हलीमाखालाकडे दिवा लवकर जातो.
पूर्वी ईदला वाटी यायची, गडग्यावरून.
गडगा पडलाय, वाट मोकळी आहे,
वाटी येत नाही.
आम्हीही काही पाठवलं नाही, खरं सांगायचं तर.

पत्रा वाजला की बायको उठून बसते,
कागदांची पिशवी छातीशी धरते.
चपला घालूनच झोपते ती.
मी म्हणतो, नुसता वारा आहे.
ती म्हणते, तेव्हाही नुसता वाराच होता.

तालुक्याहून एक मॅडम आल्या, हातात छापील कागद.
झोप लागते का? भूक?
कोणाशी बोलावंसं वाटतं का?
म्हटलं, वाटतं.
त्यांनी ‘हो’वर खूण केली.
कोणाशी, याला रकाना नव्हता.

पायातला फास खुंटीला होता,
काथ्याचा, माझ्या घामानं काळा झालेला.
एक दिवस खुंटी रिकामी.
तांदळाच्या पिंपात सापडला, तळाशी.
मी तो तिथंच राहू दिला, वर तांदूळ सारखे केले.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
पण त्या रात्री तिनं
माझ्या मनगटाला धरून झोप काढली.

नवी रोपं आलीत, गुडघ्याएवढी.
सात-आठ वर्षं, म्हणतात.
मला चोपन्न लागलंय.

काल रात्री अच्युतदादा दोनशे सदतीसवर थांबला.
मी वाट पाहिली.
दोनशे अडतीस येईना.
समुद्राचा आवाज, एक कुत्रं, मग तेही नाही.
मी ओट्यावर आलो, अंधारात उभा राहिलो,
आणि तोंडातून काय निघावं,
‘खाली कोण?’

जमिनीवर उभा राहून
असं विचारणारा मी पहिलाच पाडेली असेन.

बराच वेळ गेला.
खालच्या अंगाला कडी वाजली, हलीमाखालाची असावी.
मग कीरांच्या ओट्यावरून,
खरवडून काढल्यासारखा आवाज,
‘कोणी नाही.’

म्हटलं, ‘मग टाकू?’

काय टाकणार होतो, देव जाणे.
हात रिकामे होते.

‘थांब,’ तो म्हणाला.
‘थांब जरा.’